काट मारलेलं पान

आबा मला सोडायला साताऱ्यापर्यंतच येणार होते. घरातून निघताना आईला तसंच सांगितलं होतं. पण साताऱ्याच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली, माझी मोठी बॅग त्यांनी वर चढवली आणि खाली उतरायचं सोडून माझ्या शेजारी येऊन बसले. कंडक्टरला म्हणाले, "एक खंडाळा द्या." मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"एवढ्या लांब चाललीयास. जिल्ह्याच्या शिवेपातुर तरी येतो की."

घाटातला बोगदा ओलांडल्यावर ते आमच्याच जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या फाट्यावर उतरले आणि खिडकीखाली येऊन उभे राहिले. "लिवत जा," एवढंच म्हणाले. फोन कर म्हणाले नाहीत. जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तरकी केलेला माणूस, जे लिहिलं तेच खरं असं मानणारा. गाडी हलली तेव्हा ते परतीच्या गाडीसाठी रस्ता ओलांडायला थांबले होते. ट्रक संपत नव्हते, आणि मी दिसेनाशी होईपर्यंत ते अलीकडच्या कडेलाच उभे होते.

मी स्पेनला चालले होते. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी तिथल्या पाद्र्यांनी इतिहास कसा लिहिला, ते शिकायला. आमच्या वस्तीत हे सांगितलं की लोक आदरानं मान हलवायचे आणि मग हळूच विचारायचे, "मग नोकरी कसली लागतीया?"

माझं पहिलं स्थलांतर खरं तर सांगलीचं. माण तालुक्याच्या कोरड्या रानातून मी कॉलेजला सांगलीत आले, आणि बारा महिने पाणी असलेली नदी बघून पहिले काही दिवस रोज कृष्णेच्या घाटावर जाऊन बसायची. तिथेच इतिहासाच्या एका तासाला सरांनी एक गोष्ट सांगितली. पोपच्या राजसत्तेचा आधार म्हणून शेकडो वर्षं दाखवलेला एक दस्तऐवज इटलीतल्या एका विद्वानानं खोटा ठरवला. कशावरून, तर त्यातल्या शब्दांवरून. ज्या काळात तो लिहिला असं सांगत होते, त्या काळात ते शब्द वापरात नव्हतेच. मला वाटलं, एवढ्या मोठ्या सत्तेला एक माणूस नुसत्या वाचनाच्या जोरावर खोटं पाडू शकतो! पुढे पुण्यात एम.ए. करताना स्पॅनिश शिकले, लॅटिनची धडपड केली, सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि निघाले.

जिथे पोचले ते कॅस्टिलचं पठार. उघडं, वाऱ्याचं, मेंढरांचं. पहिल्या पत्रात मी आबांना लिहिलं, "इथे आपल्या माण तालुक्यासारखंच आहे, फक्त थंडी हाडात शिरते." माझ्या पिसोत, म्हणजे भाड्याच्या फ्लॅटात, खिडकीतून कॅथीड्रलचे मनोरे दिसायचे. सकाळी नऊ ते दोन मी तिथल्या आर्चिवोत, जुन्या दप्तरखान्यात, बसायची. माझ्या वाट्याला आला होता त्याच कॅथीड्रलमधला पंधराव्या शतकातला एक पाद्री. त्याचा आजा ज्यू होता. दंगलीत जीव वाचवायला त्यानं बाप्तिस्मा घेतला होता. नातू लॅटिन शिकला, इटलीहून आलेली नवी विद्या शिकला, चर्चमध्ये मानाच्या जागेला पोचला. तरी शहर त्याचं रक्तच मोजत राहिलं.

मी त्याच्यावर का खिळले ते कुणाला सांगायला नको. आमच्या घरानं छप्पन्न साली दीक्षा घेतली. आमची दीक्षा मान वर करण्यासाठी होती, त्यांचा बाप्तिस्मा मान वाचवण्यासाठी, हा फरक मला कळत होता. पण धर्म बदलला तरी गाव जुनंच नाव विसरत नाही, हे मला कुठल्या ग्रंथातून शिकावं लागलं नाही.

त्या पाद्र्यानं आपल्या शहराचा इतिहास लिहिला. त्यात तो म्हणतो, आमचे पूर्वज येशूच्या जन्माआधीच या शहरात येऊन राहिले होते, म्हणून त्याच्या मृत्यूचा दोष आमच्यावर येत नाही. आधार म्हणून एक जुनं पत्र त्यानं उतरवून दिलं होतं. ते पत्र खोटं होतं. मी चाळीस पानांत, शब्दाशब्दानं, ते खोटं ठरवलं. सांगलीच्या त्या तासाला जे व्हावंसं वाटलं होतं, ते मी झाले होते.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात घरी आले ती याच गुर्मीत. आबा रिटायर झाले होते. दोनशे पानी वहीत त्यांनी वस्तीचा इतिहास लिहायला घेतला होता आणि माझी वाट बघत होते. सकाळी अंगणात बसून त्यांनी मला वाचून दाखवलं. गावच्या जुन्या विहिरीची जागा आमच्या पणज्यानं हेरली, विहीर त्यानंच खणली, आणि पाणी लागल्यावर त्यालाच पायरी चढू दिली नाही. त्याची आठवण म्हणून कडेला दगड बसवला, तो अजून आहे. आबा वाचत होते आणि आई चुलीपाशी भाकरी थापायची थांबली होती.

मी विचारलं, "आबा, दगडावरचं वाचलंय कुणी?"

कुणी वाचलं नव्हतं. त्यांच्या लहानपणी आमच्या माणसांना त्या विहिरीजवळ फिरकू देत नसत. पुढे ती आटली आणि कुणीच तिकडे जाईना. दगड त्यांनी लांबूनच पाहिला होता. मग दिवस कलल्यावर आम्ही दोघं गेलो. मी शेवाळ खरवडलं, ओढणीनं पुसलं, मोबाईलचा उजेड तिरका धरून अक्षरं लावली. नाव होतं. गावातल्या एका मोठ्या घराण्याचं.

"आबा, हा आपला दगड न्हाई," मी म्हणाले.

त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "खणणाऱ्याचं नाव कोण लिवतंय गं?"

यावर गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, "ते खरं असंल आबा. पण पुरावा न्हाई. नुसत्या ऐकिवावर इतिहास उभा राहत न्हाई."

"बरं," आबा म्हणाले. परत येताना ते माझ्या पुढे चार पावलं चालत होते.

त्यानंतर फोनवर मी वहीबद्दल विचारलं की म्हणायचे, "ठिवलीया." मला वाटलं, राग आला असेल, लिहायचं सोडलं असेल. थोडं बरंही वाटलं, हे आज कबूल करते.

तिकडे माझ्या प्रोफेसोरानं, म्हणजे मार्गदर्शक बाईंनी, ती चाळीस पानं वाचली. अक्षराची चूक काढली नाही. शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, "पत्र खोटं आहे हे तू सिद्ध केलंस. ते लिहायची त्याला गरज का पडली, यावर एक तरी पान आहे का?" मी नाही म्हणाले. बाहेर आले. डोळ्यांपुढे तो पाद्री नव्हताच. चार पावलं पुढे चाललेली आबांची पाठ होती.

त्याच दिवशी फोन केला. आबा पावसाबद्दल बोलले, शेजाऱ्याच्या शेळीला तीन करडं झाली ते बोलले. करडं कोणत्या रंगाची ते मी विचारलं. ठरवलं, विहिरीचं फोनवर बोलायचं नाही, उन्हाळ्यात समोर बसून बोलायचं. तुमच्यापैकी जे दूर गेलेत, त्यांना हे ठरवणं ओळखीचं असेल. आपण सगळं उन्हाळ्यावर टाकतो.

मार्चमध्ये चुलतभावाचा फोन आला. आबा शाळेच्या ओट्यावर पेपर वाचत बसले होते, तिथेच छातीत कळ आली. दहिवडीच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. दोन विमानं आणि तीन गाड्या बदलून मी पोचले तेव्हा अंत्यविधी होऊन दोन दिवस झाले होते. जलदानविधीला, मृत्यूनंतरच्या आमच्या बौद्ध विधीला, बसले. बुद्धवंदना झाली.

लोक पांगल्यावर एका दुपारी आईनं ट्रंकेतून वही काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"तू गेल्यापास्नं रोज लिवत हुते," ती म्हणाली. "तू म्हणलीस तसंच केलं त्येंनी. म्हाताऱ्या मानसांकडं जायाचं, इचारायचं, लिवून घ्यायचं."

मी वही उघडली. प्रत्येक नोंदीखाली आबांच्या मास्तरी अक्षरात लिहिलेलं: कुणी सांगितलं, वय काय, त्यांनी कुणाकडून ऐकलं. मी त्यांना हे कधी शिकवलं नव्हतं. माझ्या एका वाक्यावरून त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं. पुढच्या पानांत तीन पिढ्यांपर्यंतची नावं होती, त्याच्यामागे "माहीत नाही". आणि सुरुवातीच्या, पणज्याच्या विहिरीच्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पट्टी लावून सरळ काट मारलेली. खाली दोन शब्द: पुरावा नाही.

पणज्याला गावानं पायरीवर चढू दिलं नव्हतं. आता त्याला वहीतूनही काढलं होतं, आणि ते माझ्यामुळे.

आईला वाचता येत नाही. ती म्हणाली, "हिरीचं वाच."

मी वाचायला लागले. काट नसल्यासारखं, वरपासून खालपर्यंत, आबांनी वाचलं होतं तसं. शेवटचे दोन शब्द आले तिथे थांबले आणि वही मिटायला लागले.

"खाली काय लिवलंय त्ये राहिलं," आई म्हणाली. "काट माज्याम्होरंच मारली त्येंनी. दोन दिस जेवलं न्हाईत. मी म्हणलं, कशाला मारता? तर म्हणलं, पोरगी शिकल्याली हाय, तिचं ऐकाया पायजे."

मग मी तेही वाचलं.

माझा प्रबंध झाला. त्यात पाद्र्याच्या गरजेवर एक पान नाही, अख्खं प्रकरण आहे. आता मी त्याच शहरात शिकवते. आई तिकडे येत नाही, "मला तिथं कोण वळखतंय?" म्हणते. दर रविवारी तिकडची सकाळ आणि आईची दुपार अशी वेळ जुळवून मी फोन करते आणि वहीतली दोन पानं वाचून दाखवते. वही माझ्याजवळ आहे, आईनंच दिली. मध्येच ती मला थांबवते, "असं न्हाई, ती म्हातारी माज्याम्होरं निराळं बोलली हुती," म्हणते, आणि मी तिचं म्हणणं समासात लिहून घेते. खाली आईचं नाव घालते, वय घालते. घर कुठे असं कुणी विचारलं की पूर्वी मी गावाचं नाव सांगायची. आता त्या गावी गेलं तरी आबा नाहीत, आणि स्पेनमध्ये कितीही वर्षं राहिले तरी ती विहीर कुणाला ठाऊक नाही. रविवारी फोन ठेवायच्या आधी आई विचारते, "फुडं काय हाय?" मी म्हणते, अजून पानं आहेत. खरं तर थोडीच उरली आहेत, म्हणून हल्ली मी सावकाश वाचते.