पाइपलाइनवाल्या बाई

बाईंना सरळ रेघ दिसली की संशय यायचा. नकाशावर एखादी पाइपलाइन गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीने ओढल्यासारखी गेलेली दिसली, की त्या चष्मा कपाळावर चढवायच्या, कागदाला जवळजवळ नाक टेकवायच्या आणि म्हणायच्या, "हे कोणीतरी ऑफिसात पंख्याखाली बसून काढलं आहे." मग त्या रेघेवर बोट ठेवून, उशिरा आलेल्या मुलीला विचारावं तसं तिलाच विचारायच्या, "खरं सांग, कुठं वळली?" रेघ बिचारी काय बोलणार? पण बाईंना घाई नसायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहायचो आणि जवळच्या शहरात, एका बुटांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. जमिनीखालून गॅस नेणाऱ्या कंपन्यांना आपल्या पाइपलाइनचे नकाशे राज्याच्या खात्याकडे दाखल करावे लागत. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी माणसं असत. लहान कंपन्या मात्र जुना नकाशा कपाटातून काढायच्या, त्याची कॉपी मारायच्या, कोपऱ्यात नवी तारीख टाकायच्या आणि खुशाल पाठवून द्यायच्या. कागदावर पाइप एकीकडे आणि जमिनीत दुसरीकडे असला, तर एखाद्या दिवशी कुणाचं तरी खोदायचं मशीन थेट गॅसच्या पाइपात घुसणार. ते होऊ नये म्हणून आम्ही. कंपनीबरोबर जायचं, लाइन चालत तपासायची आणि खरा नकाशा काढून द्यायचा.

बाई मूळच्या अमरावतीच्या. तिथल्या मुलींच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं भूगोल शिकवला. मिस्टरांना इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आल्या, आणि घरात बसून कंटाळल्या तेव्हा आपल्या मुलीच्या वयाच्या पोरांबरोबर कॉलेजात जाऊन नकाशे काढायला शिकल्या. त्यांचं नाव सुशीला होतं, पण आमच्यात त्यांना कोणी काकू म्हटलं नाही की मावशी म्हटलं नाही. बाई म्हणजे बाई. ऑफिसातले अमेरिकनही तेच म्हणायचे. मी पुण्याची. "म्हणजे हिला सगळं आधीपासूनच येतं," अशी माझी ओळख बाईंनी पहिल्याच दिवशी ऑफिसच्या मालकांना करून दिली होती, आणि वर माझ्याकडे बघून गोड हसल्या होत्या. मी आजही त्यांना त्याबद्दल पूर्णपणे माफ केलेलं नाही.

साइटवर जायच्या दिवशीही बाई साडीच नेसायच्या. सुती साडी, तिच्याखाली गुडघ्यापर्यंतचे काळे रबरी बूट आणि वरून भगभगीत नारिंगी जाकीट. शेतातून अशा चालत निघाल्या की कुत्री धावून यायची. मी जागच्या जागी थिजायचे. बाई मात्र कुत्र्यांशी मराठीत बोलायच्या. "काय करून राहिला रे? घरात कोणी आहे का? जा, बोलावून आण त्यांना." आणि देवाशप्पथ सांगते, ती कुत्री शेपटी हलवत परत घराकडे जायची आणि मागोमाग मालक बाहेर यायचा.

त्यांच्या डब्यात सांबारवडी असायची. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्या भरपूर कोथिंबिरीच्या, खसखस-खोबऱ्याच्या वड्या. इथल्या पाइपलाइनवाल्या धिप्पाड माणसांना त्यांचं वेड लागलं होतं. बाईंचं म्हणणं असं, की माणूस पोटभर खाताना टेबलावर नकाशा पसरावा. "भुकेला माणूस लवकर सुटायला पाहतो. तो 'हो, बरोबर आहे' म्हणून सही करतो. खाणारा माणूस वाद घालतो. आपल्याला वाद पाहिजे." त्यामुळे आमच्या कितीतरी नकाशांच्या मूळ प्रतींवर तेलाचे डाग आहेत. राज्याकडे जाणारी प्रत मी काढायची, म्हणून ती स्वच्छ असायची, हे इथे नोंदवून ठेवते.

ही चौकशीची सवय बाई संध्याकाळी ऑफिसात ठेवून येत नसत. एकदा आमच्या मंडळींच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, जर्सी सिटीहून एक मुलगा आला होता. एका मुलीला बघायला, पण तसं कोणी म्हणत नव्हतं. त्याने स्वतःची माहिती घडाघडा सांगितली. अमुक कॉलेज, तमुक डिग्री, इथे एमएस, लगेच जॉब. बाई पुलावाची प्लेट हातात घेऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "फारच सरळ गेली हो तुमची लाइन. कुठं वळली ते सांगा ना." मुलगा लाल झाला. मग हळूच म्हणाला, की मधलं एक वर्ष कॉलेज सोडून तो एका तमाशाच्या फडाबरोबर ढोलकी वाजवत हिंडला होता, घरचे ते कोणाला सांगत नाहीत. ती मुलगी तोवर खिडकीबाहेर बघत बसली होती. तिने खुर्ची वळवली आणि विचारलं, "रिअली? कॅन यू स्टिल प्ले?" त्यांचं लग्न झालं. ढोलकी अजून घरात आहे.

पण बाई म्हटलं की मला आठवतो तो वॉल्टर.

वॉल्टरची कंपनी म्हणजे एका लहानशा गावाला गॅस पुरवणारी, त्याच्या वडिलांनी उभी केलेली. नकाशा वडिलांनी स्वतः काढलेला. सुंदर नकाशा होता, खोटं कशाला बोलू. अक्षर मोत्यासारखं आणि गावाच्या मधून गेलेली पाइपलाइन एकदम सरळ. बाईंचा चष्मा कपाळावर गेला.

अडचण अशी होती, की गावाने बेसबॉलच्या मैदानाशेजारी मुलांसाठी स्विमिंग पूल बांधायचं ठरवलं होतं. जागा आखून झाली होती, खुंट्या ठोकून दोरी बांधली होती आणि येत्या सोमवारी खोदायचं मशीन येणार होतं. गावाने वॉल्टरला विचारलं तेव्हा त्याने वडिलांचा नकाशा बघून सांगितलं होतं, की पाइप मैदानाखालून जातो, पूलच्या जागेत काही नाही. आता तोच नकाशा, त्याच्या सहीने, राज्याकडे जायचा होता.

आम्ही पाइप शोधायचं यंत्र घेऊन लाइनवरून चालायला लागलो. यंत्र पाइपवर असलं की त्याचा सूर लागतो. मैदानाच्या कडेपर्यंत सूर नीट होता. मैदानात पाय ठेवला आणि तो गेला. मी डावीकडे सरकले, तसा परत लागला. अजून डावीकडे गेले, तर मी थेट पूलच्या दोरीच्या आत उभी.

"तारेच्या कुंपणाने गडबड होते," वॉल्टर म्हणाला.

"होते कधीकधी," बाई म्हणाल्या. "परत चाल गं."

मी परत चालले. सूर परत त्या दोरीतच लागला. वॉल्टरचा चेहरा दगडासारखा झाला. "मॅडम, माझ्या वडिलांनी आयुष्यात एक रेघ चुकीची काढली नाही. त्यांच्या नकाशावर मी दुसरी रेघ मारणार नाही. मी हाच सबमिट करणार."

मला वाटलं, आता बाई चिडतील. मी चिडलेच होते. सोमवारी त्या मशीनवर कोणीतरी पोरगं बसणार होतं आणि हा वडिलांची पूजा करत होता. पण बाईंचा आवाज उलट मऊ झाला. "वॉल्टरभाऊ, तुमचे बाबा चुकले असं मी कुठं म्हणते? एवढा हुशार माणूस पाइप वाकवतो म्हणजे त्याला काहीतरी मोठं कारण असणार. ते आपण शोधू. तेव्हा खोदायला कोण होतं?"

"सगळे गेले. एक टोनी आहे, पण तो एक नंबरचा थापाड्या आहे."

"मग तर बरं झालं," बाई म्हणाल्या. "थापा मारणाऱ्याला निदान खरं काय ते माहीत असतं."

शुक्रवारी दुपारी वॉल्टरच्या ऑफिसात टोनीकाका आले. ऐंशीच्या घरातले इटालियन आजोबा, हातात काठी, डोक्यावर टोपी, आणि खोलीत शिरल्यापासून तोंड चालू. बाईंनी नकाशा पसरला आणि त्यावर डबा उघडला.

"इथं मोठा खडक लागला होता," टोनीकाका वडी खात म्हणाले. "घराएवढा. म्हणून वळवली."

"मी आजच तिथं फिरले. माती लोण्यासारखी आहे," बाई म्हणाल्या. "अजून एक घ्या."

"हां, खडक दुसरीकडे. इथं पाणी होतं. नुसती दलदल."

"उतार तर उलटा आहे, काका. पाणी थांबेल कसं? ही चटणी घेऊन बघा."

टोनीकाका बराच वेळ चावत राहिले. मग त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि वॉल्टरकडे पाहिलं. "तुझा बाप जिवंत असता तर मी बोललो नसतो. त्या रविवारी शेजारच्या गावाशी मॅच होती. आम्ही चर खणत मैदानापर्यंत पोचलो होतो. सरळ गेलो असतो तर मैदानाचे दोन तुकडे. तुझा बाप आला, मैदान बघत उभा राहिला. मग म्हणाला, बाजूने घ्या. तो आमचा पहिल्या बेसवरचा खेळाडू होता."

वॉल्टरने विचारलं, "बाबा बेसबॉल खेळायचे?"

"खेळायचा? फार वाईट खेळायचा. पण एक रविवार चुकवला नाही. मग धंदा वाढला, तू झालास, तो सूट घालायला लागला. मॅचसाठी गॅसची लाइन वाकवली हे राज्याच्या लोकांना कसं सांगणार? म्हणून नकाशावर सरळ काढली."

"आणि मॅच?" बाईंनी विचारलं.

"हरलो. वाईट हरलो."

आधी वॉल्टरचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. टेबलावर हात आपटून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. मध्येच थांबून टोनीकाकांना म्हणायचा, "पहिल्या बेसवर? माझे बाबा?" आणि पुन्हा सुरू. त्याच्या आठवणीत बाप म्हणजे टाय घट्ट बांधणारा, वेळेवर जेवणारा, मुलाच्या मार्कांवर सही करणारा माणूस होता. त्या दुपारी त्याला एक दुसराच बाप भेटला, आणि तो त्याला फार आवडला हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉल्टरच्या माणसांनी पूलच्या दोरीच्या आत हाताने, जपून खड्डा घेतला. कमरेएवढं खणल्यावर पाइप लागला, गॅसने भरलेला, चालू. वॉल्टर खड्ड्याच्या काठावर उभा होता. मघापर्यंत त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं ते गेलं. त्याने एकेक खुंटी स्वतःच्या हाताने उपटली आणि तसाच गावाच्या ऑफिसरच्या घरी गेला. सोमवारी मशीन आलं नाही.

नवा नकाशा मी काढला. मैदानाला छान वळसा घालून लाइन पुढे गेलेली. वॉल्टरला त्याशेजारी कारण लिहायचं होतं. बाई म्हणाल्या, "राज्याला कारण नाही लागत, भाऊ. फक्त जागा लागते." त्याने सही केली. खात्याने नकाशा घेतला आणि कोणी चकार शब्द विचारला नाही. ते कारण मग वॉल्टरने स्वतःच गावभर सांगितलं; पोस्टात, चर्चमध्ये, केस कापताना.

पूल मैदानाच्या पलीकडच्या बाजूला बांधला. पुढच्या उन्हाळ्यात उद्घाटनाला आम्हाला बोलावणं आलं. बाईंना पोहता येत नव्हतं. "मी फक्त बघायला आले," असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. टोनीकाका आधीच चड्डीवर पाण्यात उभे. ते ओरडले, "घाबरली का मॅडम?" झालं. बाईंनी पदर खोचला, पर्स माझ्या हातात दिली आणि साडीसकट पायऱ्या उतरून कमरेपर्यंत पाण्यात गेल्या. साडी फुग्यासारखी वर आली. पोरांनी भोवती गिल्ला केला, कोणीतरी पाणी उडवलं, आणि अमरावतीच्या शाळेत भूगोल शिकवलेल्या आमच्या बाईंनी दोन्ही हातांनी पाणी परत उडवलं. मी इतकं हसले की पर्स पाण्यात पडता पडता वाचली.

पुढे त्यांची मुलगी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला स्थायिक झाली आणि बाई व त्यांचे मिस्टर तिकडे गेले. फोन व्हायचे. "काय काढून राहिली सध्या?" असं विचारायच्या आणि मी सांगितलेलं नीट ऐकायच्या. मग एका जूनमध्ये त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेल्या म्हणाली. मी फोन ठेवला आणि दिवसभर काही सुचेना. माझ्या आईच्या वेळी रडले नव्हते इतकी रडले.

त्या शनिवारी मी गाडी काढली आणि एकटीच त्या गावाला गेले. वॉल्टर, टोनीकाका दोघंही नव्हते आता. पूल मात्र गच्च भरलेला. पोरं ओरडत होती, काठावरून धावत येऊन उड्या मारत होती, शिट्टीवाला मुलगा "डोन्ट रन, डोन्ट रन" म्हणत होता आणि कोणी ऐकत नव्हतं. मी बाकावर बसले. शेजारी एक तरुण आई टॉवेल घेऊन बसली होती. आया विचारतात तसं तिने मला सहज विचारलं, "यातलं तुमचं कोणतं?"

"माझं कोणीच नाही," मी म्हटलं. "पण आमच्या बाईंची आहेत. सगळीच."

तिला काही कळलं नसावं. पण माझे डोळे बघून तिने टॉवेलाचं कोरडं टोक माझ्यापुढे केलं, आणि आम्ही दोघी पोरांकडे बघत बसलो.