परत लावलेली कौलं

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती वर्षानुवर्षं रोज चढते आहे, तेव्हा माझ्या शहाणपणाबद्दल काय ते समजून घ्या. महाडच्या कोर्टात माझ्याकडे येणारी कामं साधीच असतात. बांधाची भांडणं, वारसाची नावं, नवराबायकोचे तंटे, आणि अधूनमधून चोरी. चोरीची कामं मला नको वाटतात. त्यातली पोरं विशीच्या आतबाहेरची, पहिल्यांदाच पकडली गेलेली असतात आणि तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून येतात. तो शर्ट आईने पेटीतून काढून दिलेला असतो हे मला लांबूनच कळतं, आणि मग माझं दिवसभर कशात लक्ष लागत नाही.

ह्या पोराचा शर्ट निळा होता. पोलादपूरहून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की वर डोंगरात त्याची वाडी. बारावीनंतर शिक्षण सोडलेलं. बाप मुंबईला गेला तो तिकडचाच झाला, दुसरा संसार थाटून बसला. घरात आई आणि हा. पावसाळ्याच्या आधी लोकांच्या घरांची कौलं शाकारायला, फुटकी बदलून नीट बसवून द्यायला जायचा, आणि हात चांगला होता म्हणून आजूबाजूच्या वाड्यांवरूनही बोलावणं यायचं.

त्या वाडीतली निम्मी घरं बंद असतात. माणसं मुंबईत, घरं इथे. गणपतीला आणि शिमग्याला दारं उघडतात, एरवी कुलूप. आणि ह्या सगळ्या कुलपांच्या चाव्या एका बाईकडे असतात, ती ह्या पोराची आई. तिला वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक चावीला त्या त्या घरातल्या जुन्या लुगड्याची किंवा सदऱ्याची चिंधी बांधलेली. चिंधी बघून ती घर ओळखते. मधूनच एखादं घर उघडायचं, जाळीजळमटं काढायची, वारा खेळू द्यायचा, देवापुढे दिवा लावायचा, गणपतीआधी जमीन सारवून ठेवायची. ह्याला पगार नसतो. सणाला साडी मिळते आणि मान मिळतो. नवऱ्याने टाकलेल्या बाईला वाडीत मान मिळणं ही काय चीज आहे, हे ज्याने वाडी बघितली आहे त्यालाच कळेल.

तर एका शिमग्याला देवीची पालखी घरी येणार म्हणून पोराचे एक चुलते मुंबईहून बायकोमुलासकट आले. चुलत चुलते, पण वाडीत सगळे काकाच. काकी पाणी भरायला तांब्याचा हंडा काढायला गेली, तर हंडा नाही. तिच्या लग्नातला हंडा. कुलूप जसंच्या तसं. शहरात वाढलेल्या त्यांच्या मुलाने लगेच पोलिसांना फोन लावला. इकडे गावकी बसली. कुलूप न तोडता चोरी झाली म्हणजे काय, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांची नजर एकाच बाईकडे गेली. तिने कमरेचा जुडगा काढून सगळ्यांसमोर ठेवला आणि म्हणाली, "घ्या. देवीची शपथ, माघी पौर्णिमेपासना त्या दारात मी गेली नाय."

मग काकांना काय वाटलं कोण जाणे, शिडी लावून ते छपरावर चढले. आढ्याजवळच्या कौलांवरची धूळ पुसलेली, म्हणजे ती नुकतीच काढून परत लावलेली होती. नुसती लावलेली नाही, नीट लावलेली. आढ्यावरच्या कोन्याच्या कौलाखाली खापरीचा तुकडा सारून, वाऱ्याने हलू नये म्हणून. तशी खोड पंचक्रोशीत एकालाच होती. आदल्या वैशाखात काकांनीच त्याच्याकडून घर शाकारून घेतलं होतं. काका तुकडा हातात घेऊन खाली उतरले आणि पोराकडे बघत राहिले.

"आईला काय बोलू नका," पोरगा म्हणाला. "मी वरनं उतरलो."

चोर कौलं काढून शिरतो हे मी अनेक फिर्यादींत वाचलं आहे. जाताना ती परत लावून, खाली खापरी सारून जाणारा चोर मी जन्मात पाहिला नव्हता. पोलिसांनी तोवर वाट धरलेलीच होती. एकदा गुन्हा नोंदला की गावकी कितीही म्हणाली तरी तो पुसता येत नाही. हंडा भंगारवाल्याकडे मिळाला, ठोकून चपटा केलेला. चाव्या मात्र तेव्हा कुणी मागितल्या नाहीत; आईने जुडगा परत कमरेला लावला.

पोराला घेऊन आई माझ्याकडे आली तेव्हा मी आधी त्याला चांगलं फैलावर घेतलं. "कशाला चोरलास?" म्हटलं.

"मोबाईलला."

"आई आजारी होती, घरात दाणा नव्हता, असं काही?"

"नाय म्याडम. आई बरी हाय."

मला इतका राग आला! निदान खोटं तरी बोल, माझं काम सोपं कर. पण नाही. भर दुपारी, बायका पाण्याला गेल्यावर हा गृहस्थ छपरावर चढला होता, कारण मित्राकडे मोबाईल होता आणि ह्याच्याकडे नव्हता. त्यापलीकडे काही कारण नव्हतं. त्या वयात त्यापलीकडे कारण लागतही नाही, हे मला कळत होतं, तरी मी त्याला गाढव म्हटलंच.

खरं सांगायचं तर काम लढवण्यासारखं होतं. छपरावर चढताना कुणी बघितलं नव्हतं, भंगारवाल्याला विकणाऱ्याचा चेहरा आठवत नव्हता. गावकीतली कबुली उलटतपासात हलवता आली असती. मी त्याला समजावलं, "कुलूप शाबूत होतं आणि आई पाण्याला गेली तेव्हा चाव्या घरात खुंटीला होत्या. वरून कुणी उतरलं हेच सिद्ध होत नाही, असं मी म्हणेन."

त्याने आईकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे आईनं उघडलं असं व्हईल ना?"

"तसं म्हणायचं नाही रे. नुसती शंका पुरते."

"शंकाच नको, म्याडम."

मी वकील. शंका हे माझं भांडवल. ते ह्या पोराने बाजूला ठेवलं आणि कोर्टात उभं राहून गुन्हा कबूल केला.

न्यायाधीश साहेब तरुण होते, घाटावरचे. कबुली घेऊन ते थांबू शकले असते, पण त्यांनी विचारलं, "चाव्या तुझ्याच घरात होत्या ना? मग कौलं कशाला काढलीस?"

"चाव्या इस्वासानं आईवर ठेवलेल्या व्हत्या, साहेब. माझ्यावर नाय."

"आणि परत का लावलीस?"

तो गोंधळला. एवढी साधी गोष्ट साहेबांना कशी कळत नाही, असं त्याच्या तोंडावर होतं. "घर गळलं असतं ना," तो म्हणाला.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी त्याचं उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं.

आता प्रश्न एवढाच उरला की पोरगा तुरुंगात जाणार की घरी. सरकारी वकिलांनी सांगितलं की अर्ध्या तालुक्यातली घरं कुलुपावर चालतात, त्यांना राखण कुणाची नाही, आज ह्याला सोडलं तर उद्या प्रत्येक बंद घरावर पोरं चढतील. त्यात खोटं काही नव्हतं. माझं स्वतःचं माहेरचं घर वरंधच्या बाजूला बंद पडलेलं आहे, मला का ते कळत नाही? मी सांगितलं की पोरगा एकवीसच्या आतला आहे, पहिलाच गुन्हा आहे, आणि अशाला कैदेत घालण्याआधी कायदा कोर्टाला दहा वेळा विचार करायला सांगतो. तुरुंगात जाऊन तो काय शिकून येईल हेही सांगितलं. घसा बसेपर्यंत बोलले.

साहेबांनी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवला. परिवीक्षा म्हणजे शिक्षा राखून ठेवायची आणि माणूस वर्तनावर सोडायचा. अधिकारी डोंगर चढून वाडीत जाऊन आले, लोकांशी बोलले, आणि पोरगा सुधारण्यासारखा आहे असं त्यांनी लिहिलं.

दुसरा शिमगा उलटल्यावर निकाल लागला. चांगल्या वर्तनाच्या तीन वर्षांच्या हमीवर सोडावं, मात्र ज्याच्या नावावर घर-जमीन आहे असा एक जामीनदार हवा. नाहीतर आत. मी मागे वळून बघितलं. आईच्या नावावर काही नव्हतं. अटकेनंतर पहिल्यांदा जामीन राहिलेला मामा पुन्हा फिरकला नव्हता. वाडीतली माणसं आली होती, पण सगळी बाहेर आवारात, झाडाखाली. शिमग्याला आलेली मुंबईकर मंडळी निकालासाठी थांबली होती आणि त्यांच्यातलं कुणी आत यायला तयार नव्हतं. आईने निळ्या शर्टाची बाही घट्ट धरून ठेवली होती.

तेवढ्यात झाडाखालून उठून काका आत आले. ज्यांचा हंडा गेला तेच. सातबारा त्यांनी घरूनच आणला होता. "मी ऱ्हातो," म्हणाले. "पोर हाय. त्याला जेल नको."

मी इतकी खूश झाले की मनातल्या मनात पेढे वाटले. माणुसकी अजून शिल्लक आहे वगैरे सगळं मला त्या पाच मिनिटांत वाटून गेलं. सह्या झाल्या. साहेबांनी पोराला नीट समजावून सांगितलं, की वर्तनात चूक झाली, नव्याने तक्रार आली, तर परत इथेच आणून राखून ठेवलेली शिक्षा देईन. तो मान हलवत होता.

आम्ही व्हरांड्यात आलो. आई काकांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला अर्ध्यातच थांबवलं आणि हात पुढे केला.

"वैनी, चावी," ते म्हणाले.

तिला आधी कळलंच नाही. मग तिने कमरेचा जुडगा काढला. कोर्टात येतानाही तो तिच्या कमरेला होताच. लोकांच्या चाव्या ती घरी टाकून कशी येईल? काकांचा आवाज खाली गेला होता. "तुझ्यावर राग नाय गो. पण माझं घर बंद असतं. तुझ्या घरात आता तो पण हाय ना." त्यांचंही चुकलं असं मला म्हणवत नाही. पण त्या क्षणी मला त्यांचा हात झटकून टाकावासा वाटला.

कडीतून चावी निघेना. शेवटी पोराने पुढे होऊन कडी उकलली आणि हिरव्या चिंधीची चावी काकांच्या हातावर ठेवली. ते झाडाखालच्या माणसांनी बघितलं. मग एकेक जण वर आला. कुणी वाईट बोललं नाही. "माझी पण दे गो," एवढंच. ती चिंधी ओळखून ओळखून देत राहिली. माझ्याच्याने तिथून हलवलं नाही आणि बघवलंही नाही. शेवटी कडीत एकच चावी उरली, तिच्या स्वतःच्या घराची.

"बाई," तिने मला विचारलं, "सुटला ना पण माझा पोर?"

"सुटला."

"मग झालं," ती म्हणाली आणि एसटी चुकेल म्हणून घाईने निघाली.

वैशाखाच्या शेवटी त्याचा फोन आला. त्या वर्षी शाकारणीला त्याला कुणी बोलावलं नव्हतं, हे मला आधीच कळलं होतं.

"म्याडम, काकांच्या घरावर माकडं नाचली. आढ्याकडची कौलं सरकलीत. आतलं दिसतंय. पाऊस तोंडावर हाय. चढू काय?"

"काकांना फोन कर."

"माझा उचलत नाय. आई म्हणाली, वकीलबाईला इचार."

मी खुर्चीत सरळ बसले. त्याच घरावर, तोच पोरगा, हातात कौल. वाडीतल्या एकाने जरी पोलादपूरला फोन केला असता तरी पुढचं सगळं मला डोळ्यांसमोर दिसत होतं. "नको चढूस," मी म्हटलं. "अजिबात नको."

"घर गळंल, म्याडम."

"गळू दे!" मी त्याच्यावर ओरडले.

काकांना मीच फोन केला. त्यांनी आभार मानले, माणूस पाठवतो म्हणाले. माणूस गेला नाही. मुंबईहून आंबेनळीला माणूस पाठवणं तोंडाने बोलण्याइतकं सोपं नसतं, आणि जो माणूस शेजारी होता त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून खाली बसवलं होतं.

गणपती झाल्यावर तो अधिकाऱ्यांपुढे हजेरी लावायला महाडला आला, तेव्हा माझ्याकडे डोकावला. मी घराचं विचारलं.

"मधली मातीची भिंत बसली," तो म्हणाला. "गणपतीला काका आले न् तसंच परत गेले. मूर्ती दुसऱ्याच्या घरात बसवली." मग जमिनीकडे बघत म्हणाला, "रोज बघत व्हतो, म्याडम. पाणी जिथनं आत जायचं ती जागा मला म्हाईत व्हती. दोन कौलांचं काम व्हतं."

मी त्याच्यासाठी चहा सांगितला. आईचं विचारलं. ती बरी होती. बंद घरांच्या पायऱ्यांवर अजून दिवा ठेवते म्हणाला, दाराला हात लावत नाही.

चहा पिऊन तो उठला आणि दारात थांबला. "अजून किती दिवस चढायचं नाय?"

"हमीची मुदत संपेपर्यंत," मी सांगितलं. मुदत भरायला अजून दोन पावसाळे होते.

त्याने हिशेब केला असावा. "तवर घर ऱ्हायाचं नाय, म्याडम," तो म्हणाला, आणि पायऱ्या उतरून गेला. माझा सल्ला बरोबर होता. आजही कुणी विचारलं तर मी तोच देईन. पण त्या दिवशी पुढच्या पक्षकाराला मी बाहेर बसवून ठेवलं, कारण मला रडू आवरत नव्हतं.