गिरजाबाईनं ग्रहणात चिरलेली वांगी

गिरजाबाई गेल्याचा निरोप घेऊन वाशीमचा एक माळी आसेगावच्या शाळेत आला. निरोप सांगून लगेच विचारतो, "झटक्यानंच ना, मास्तर?" नाही हो, बाबा! माझी थोरली बहीण, आमची बाई, मुदतीच्या तापानं गेली. झटक्यांना तिनं केव्हाच पाणी पाजलं होतं.

तिच्या उजव्या गालापासून कपाळापर्यंत जन्माचा जांभळट लाल डाग. तान्ही असतानाच झटके सुरू झाले, डावा हात कमजोर राहिला. झटका आला की कुणी कांदा फोडी, कुणी जोडा हुंगवी, आणि काकू मायकडे बोट दाखवी. "पोटुशी असून हिनं गिराणात वांगे चिरले!" ग्रहण लागल्याचं मायला कळलंच नव्हतं. पण ती मान खाली घाली... वर्षानुवर्षं.

मोठी लढाई संपून काही वर्षं झाल्यावर अकोल्याच्या एका डॉक्टरांनी बाईला तपासलं. म्हणाले, "चेहऱ्यावर दिसतात तशाच वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या आत मेंदूवरही असणार. झटके त्यांचेच. आईचा यात काडीचा दोष नाही."

"पण म्या वांगे चिरले जी..."

"मग डाग वांग्याला पडायचा!"

मी फस्सकन हसलो. माय मात्र ढसाढसा रडली.

गोळ्यांनी झटके पुष्कळ कमी झाले, पण काकूच्या तोंडाला कुठलं औषध? पुढे बाईचं लग्न झालं, दिवस गेले, आणि नेमकं ग्रहण आलं. ती माहेरीच होती. तिनं भर अंगणात विळी मांडली आणि एका हातानं वांगी चिरायला बसली. माय कळवळली, "नोको वो माय, लेकराले काही झालं तं?"

"काई होत नाई. तुयावरचा आळ आज मीच उतरवतो."

डॉक्टरांवर भरवसा असूनही मला घाम फुटला होता, खोटं कशाला सांगू!

मुलगी झाली. बायांनी तिला उताणी-पालथी करून पाहिलं. नखभर डाग नव्हता. बाजेवरून बाई कडाडली, "काकू, आता माया मायच्या पाया पडा!" काकू वयानं मोठी, पण वाकली. खरंच वाकली हो!

मागच्या आठवड्यात ग्रहण होतं. माझी बायको पोटुशी, कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. म्हातारी माय काठी टेकत तिच्यापुढे उभी राहिली. "ऊठ वो, सूनबाई. काहून बसली अशी? मले भूक लागली, सैपाकाले लाग."