गुरुवारचं गंधक

लोणावळ्यात आमच्या जुन्या विभागाचा मेळावा झाला. जेवताना कुणीतरी ताट हुंगून म्हणालं, "आमटीला गंधकाचा वास येतोय. कान्ह्याच्या बाई आल्यात की काय?" सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

या बाई म्हणजे कान्हे गावची मुलगी, एकेकाळची माझी संशोधन विद्यार्थिनी. कोकणातल्या गरम पाण्याच्या कुंडातून तिने एक जिवाणू आणला होता. सत्तर अंशांना तो सुखाने वाढे. पेशीत प्रथिनं बांधताना अमिनो आम्लं एकेक करून आणून देणारा ट्रान्सफर आरएनए एवढ्या उष्णतेत उलगडून निकामी व्हायला हवा. तो टिकतो कसा, हा तिचा प्रश्न. तिला दिसलं की या रेणूत एका ठरावीक जागी ऑक्सिजन काढून गंधकाचा अणू बसवला जातो, आणि जिवाणू जितक्या गरम पाण्यात वाढवावा तितकं हे गंधक वाढतं. परदेशात इतर जिवाणूंत हे आढळलं होतं. आमच्या जिवाणूत ते तिने शोधलं.

मला तिचा राग होता. एका चर्चासत्रात तिने माझी चूक चारचौघांत दाखवली होती. तिचं संशोधन तपासणाऱ्या समितीने प्रयोग पुन्हा करायला सांगितला, तेव्हा मी तो तिच्या हातून काढून घेतला. आमची प्रयोगशाळा तळेगावात होती आणि तिथे गुरुवारी वीज जायची, म्हणून ती म्हणाली, "सर, गुरुवार सोडून करा." मी मुद्दाम गुरुवारीच जिवाणू गरम पाण्याच्या टाकीत ठेवले. वीज गेली. दुपारी तापमापक पन्नास दाखवत होता. जिवाणू मेले नाहीत, रखडत वाढले. गंधक जेमतेम सापडलं.

म्हणजे तिचंच म्हणणं खरं ठरत होतं. उष्णता कमी, तर गंधक कमी. हे मला त्याच दिवशी कळलं. तरी समितीपुढे मी सांगितलं की तापमान सत्तर होतं आणि मुलीचा निष्कर्ष चुकीचा आहे.

तिने एवढंच विचारलं, "कुठल्या वारी केलात?"

"वार पाहून रसायनशास्त्र बदलत नाही," मी म्हणालो. तेव्हाही सगळे हसले होते. तिने संशोधन सोडलं. आता ती कामशेतला शाळेत शिकवते.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कान्ह्याला तिच्या घरी गेलो. ओट्यावर तिचे वडील विळ्याला धार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"वळखलं तुमाला. चुकून आलाय का मुद्दाम?"

ती बाहेर आली. बसा म्हणाली नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. विभागाचं आठवणींचं पुस्तक निघतंय, त्यात तुझ्या बुद्धीबद्दल आणि तुझ्यावरच्या अन्यायाबद्दल लिहीन, असंही म्हणालो.

"बुद्धीबिद्धी नको, सर. ते लिहून तुम्हीच मोठे व्हाल. गुरुवार लिहा. पन्नास लिहा."

मी माफीचा शब्द काढला, तशी ती आत गेली. दार लावून घेतलं.

"निघा आता," वडील म्हणाले. "लय उशीर केलात. गाडी तरी गाठा."

तेव्हा तिच्या सांगण्याप्रमाणे लिहितो. तो गुरुवार होता. वीज गेली होती. पाणी पन्नास अंशांवर होतं, आणि मी सत्तर सांगितलं.