फिरायला घेतलेली अँब्युलन्स

"एकटा फिरलास तर सांगायला काय उरणार?" असं मला इम्तियाज म्हणाला होता. त्याचं महाडला गॅरेज आहे. पण तुमची गाडी जुनी अँब्युलन्स असेल, तर लोक तुम्हाला एकटं सोडत नाहीत. चार दिवसांत इतके किस्से जमले की गादीवर मला पाय पसरायला जागा उरली नाही.

गाडी भंगारात निघाली होती. मी आत गादी टाकली, शेगडी बसवली, पडदे लावले, बाहेरून पिवळा रंग मारला. छपरावरचा दिवा मात्र इम्तियाजनं काढू दिला नाही. "काढलास तर भोक पडेल, पाणी गळेल. राहू दे. रस्त्यात इज्जत मिळेल."

निघताना आईनं एक काम दिलं. पोलादपूरच्या पुढे कापडे गाव आहे, त्याच्या वरच्या वाडीत तिचे मामा राहतात, धाकू नाना. एकटेच. रविवारी त्यांचा मुलगा त्यांना कायमचं मुंबईला न्यायला येणार होता, आणि नाना हलायला तयार नव्हते. "फिरत फिरत जा आणि समजाव त्यांना," आई म्हणाली. "तुझं कोणी ऐकत नाही, पण बघ."

*

पहिला मुक्काम सव गावात, गरम पाण्याच्या कुंडांजवळ. मागचं दार उघडलं, पाय बाहेर सोडले, चहा घेतला. कधी निघायचं असं विचारणारं कोणी नाही. दुसरा कप ओततोय तोवर एक मावशी समोर येऊन बसल्या. साडी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली. मागे आणखी तिघी.

"हाच गुडघा," मावशी म्हणाल्या.

"मावशी, मी डॉक्टर नाही."

"मागच्या वेळचा बी नव्हता."

मी चौघींना चहा दिला. उठताना मावशी बाकीच्यांना म्हणाल्या, "ह्याचं औषध गोड हाय."

*

दुपारी एमआयडीसीच्या नाक्यावर थांबून पोहे टाकले. फोडणीचा धूर मागच्या दारातून बाहेर. नेमकी शिफ्ट सुटली होती. चार-पाच बाइकवाले थांबले आणि त्यांनी हेल्मेट काढली.

"कुठल्या कंपनीतला भाजला?" एकानं हळू आवाजात विचारलं.

मी म्हटलं, "पोहे आहेत."

कोणी हसलं नाही. त्यातल्या एकानं माझं उत्तर यायच्या आधीच फोन लावला होता. पलीकडून आवाज आला तसा म्हणाला, "काय नाय रे. जेवलास का?" आणि ठेवून दिला.

मग पोह्यांकडे बघून म्हणाला, "लिंबू हाय का?"

*

हायवेला इज्जत मिळाली. पोलादपूरपर्यंत ट्रक बाजूला होत गेले. पण मी आपला निवांत, डोंगर बघत चाललेलो. शेवटी एक ट्रकवाला शेजारी आला, वाकून म्हणाला, "एवढा हळू? गेला का पेशंट?"

"नाही," मी म्हटलं, "फिरायला चाललाय."

त्यानं स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडले आणि पुढे गेला.

*

अंधार पडता पडता वाडीत पोचलो. नानांच्या घरात दिवा नव्हता, म्हणून देवळापाशी गाडी लावून झोपलो. सकाळी तोंडात ब्रश धरून मागचं दार ढकललं, तर समोर अख्खी वाडी बसलेली. बायकांचे पदर डोक्यावर. मला वाटलं, कोणीतरी माझी फिरकी घेतंय.

मग कळलं. वाडीतली निम्मी घरं मुंबईला. तिकडे कोणी गेलं की असल्याच गाडीतून घरी आणतात. रात्री गाडी आली, म्हणजे कोणीतरी आलंय.

"मग दार का नाही वाजवलंत?"

"वाटलं, सोबत आलेला दमून झोपला असंल," एक काकी म्हणाल्या. "कशाला उठवा."

पहाटेपासून प्रत्येक घरातून मुंबईला फोन झाले होते. सगळ्यांनी उचलले. दोघं तर बांबू तोडून घेऊन आले होते. "आता ह्यांचं काय करायचं?" त्यांनी मला विचारलं. शेवटी घेवड्याला मांडव घातला.

गर्दीतून नाना पुढे आले. "हा आमच्या शालूचा," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "लहानपणी पण असाच झोपायचा."

*

नानांनी गाडीभोवती एक फेरी मारली. समजवायची वेळच आली नाही.

"मी जाईन मुंबईला," ते म्हणाले. "जायचं काय नाय रे. पण परत येईन तो याच्यातनंच. तेव्हा मला कायच दिसायचं नाय." गादी हातानं दाबून बघितली. "तू आत्ताच आण मला."

खाली कापड्याला गेलो. स्टँडवर गाडी वळवली. नाना मागे जाऊन आडवे झाले, टोपी काढून छातीवर ठेवली.

"वरचा दिवा लाव."

"लागत नाही, नाना."

"ऱ्हाऊ दे. हळू चल. तेव्हा कोणाला घाई असणार?"

मी हळू चाललो. नाना पडदा सारून बाहेर बघत होते. "ह्या पुलावर हादरे बसतात. पोराला सांगून ठेव." मग, "हे आमचं भाताचं खाचर." मग बराच वेळ काहीच नाही.

"नाना?"

"हाय. बघतोय."

वाडीत सगळे पुन्हा बसले होते. कोणी सांगितलं नव्हतं. मी मागचं दार उघडलं. नाना डोळे मिटून पडलेले. कोणी हललं नाही. मग त्यांनी एक डोळा उघडून सगळ्यांवरून नजर फिरवली.

"बाळ्या नाय आला?"

"गुरं घेऊन गेलाय, नाना."

"बरं. तेव्हा येऊ दे म्हणावं."

उठले, टोपी घातली आणि घरी जाऊन चहा ठेवला.

रविवारी मुलगा आला. नानांनी दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि त्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले. काकींनी खिडकीची काच धरून ठेवली होती.

"नाना, परत या हां."

"येऊन गेलोय गो मी," नाना म्हणाले.