सवाष्णीचं पान

“महालक्ष्म्यांचं पुरण घराबाहेर जाणार नाही म्हणजे नाही. कामवाल्या विनताले काहून द्यायचं? आमच्या घरात असं झालं नाही आजवर,” मुरलीधर डायनिंग टेबलावरून म्हणाले.

“बाबा, फ्रिजमध्ये दुधाची पिशवी ठेवायले जागा नाही. भांडी घासून घासून विनता दीदीचे हात दुखून राहिले, तिला थोडं दिलं तर काय होते?” सून प्रणाली फ्रिज उघडा धरून उभी होती. “आणि तुमच्या डब्यातून फॅक्टरीत जातच होतं ना इतकी वर्षं?”

“डबा घरच्या माणसाचा. ते वेगळं.”

“अच्छा! मग विनता दीदीच्या डब्यावर तुमचं नाव लिहून देते.”

“अरे यार,” तिचा नवरा पियूष मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, “मम्मी कुछ बना देगी ना. हर साल बनाती है.”

मम्मी, म्हणजे भानुमतीबाई, गॅसपाशी काहीतरी बनवतच होत्या.

जबलपूरच्या महाराजपूर भागातल्या या घरात महालक्ष्म्यांचा स्वयंपाक सासूबाईंच्या पातेल्यांच्या मापाने होई. तेव्हा नागपूरहून, कटनीहून नातेवाईक येत. आता त्यांचे फोन येतात. पातेली तीच आहेत. लहान पातेल्यात पुरण शिजवू नये असं कोणी सांगितलेलं नव्हतं. कोणी शिजवून पाहिलं नव्हतं, एवढंच.

त्यामुळे उरायचं. भानुमतीबाई लग्न होऊन वर्ध्याहून जबलपुरात आल्या आणि पहिल्याच वर्षी उरलेल्याचं नवं करायला शिकल्या. सोळा भाज्या एकत्र कुस्करून, बेसन आणि तीळ घालून वड्या. आंबिलीत रवा कालवून धिरडी. वरणात कणीक मळून धपाटे. पुरणात बडीशेप आणि लाल तिखट घालून कचोऱ्या. फॅक्टरीतले लोक त्या कचोऱ्यांची वाट पाहत. “भाभीजी के हाथ में जादू है” हा निरोप मुरलीधर न चुकता घरी आणत.

घरातही सगळे वाखाणत आणि एकेक खाऊन उठत. बाकीचं भानुमतीबाई संपवत, बहुतेक उभ्याने. तव्यावरून उतरलेली पुरणपोळी तुपात बुडवून पानावर बसून खाल्ल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पंगती आटोपेपर्यंत पोळ्या गार झालेल्या असत आणि त्यांची भूकही. सुरुवातीला याचं वाईट वाटे. मग तेही वाटेनासं झालं.

काल गल्लीतल्या अवंतीला सवाष्ण म्हणून बोलावलं होतं. पहिलं पान सवाष्णीचं. तिचे पाय धुवायचे, ओटी भरायची, सगळं गरम-गरम तिला आधी वाढायचं, मग घरच्यांनी बसायचं. पान वाढून झालं आणि अवंतीचा फोन आला. मुलाला ताप होता, ती येऊ शकत नव्हती. ऐन वेळी दुसरी कोणी मिळेना. पान महालक्ष्म्यांपुढे ठेवून सगळ्यांनी नमस्कार केला आणि जेवायला बसले. भानुमतीबाईंनी वाढलं. संध्याकाळी त्यांनी ते पान उचललं आणि त्यावरचं सगळं एका डब्यात भरून ठेवलं.

तो डबा आता प्रणालीच्या हाती लागला.

“आई, हे वेगळं काय ठेवलं आहे?”

“अवंतीचं पान.”

“कोण खाणार?”

“मी.”

प्रणालीने फ्रिज बंद केला. “आई, सवाष्ण म्हणजे नवरा असलेली बाईच ना? मग काल आपण फोन करत काहून बसलो? तुम्ही होत्या ना घरात.”

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं.

मुरलीधर हसले. “घरची कशी बसेल? घरची वाढते.”

“असं कोणी सांगितलं?”

“सांगायचं काय त्यात? ही बसली असती तर वाढलं कोणी असतं?”

पियूषने ताटली पुढे केली. “मम्मी, एक कचौड़ी और.”

भानुमतीबाईंनी गॅस बंद केला. प्रणालीच्या हातातून डबा घेतला आणि टेबलाची एक खुर्ची ओढून बसल्या. बाहेरच्या खोलीत दोघी महालक्ष्म्या भानुमतीबाईंच्याच साड्या नेसून अजून उभ्या होत्या. संध्याकाळी त्यांना उतरवायचं होतं. भानुमतीबाईंनी पोळीचा तुकडा मोडला. तो वातड झाला होता, त्यावरचं तूप पांढरं पडलं होतं. त्या बराच वेळ चावत राहिल्या. पुरणात वेलदोडा त्यांनीच कुटून घातला होता, पण तो लागेना. गोडही लागेना.

“मम्मी?” पियूषची ताटली तशीच पुढे होती.

“कढईत आहे. घे,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं. बोलताना आवाज चढला नाही. कढीत मीठ कमी आहे असं सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

“पुढच्या वर्षी सवाष्ण मी. पहिलं पान माझं. स्वयंपाक तुम्ही तिघांनी करायचा. माळ्यावर लहान पातेलं आहे, ते काढून ठेवा. आणि आता विनता आली की फ्रिजमधलं पुरण तिला द्या.”