लाइन आली की

घरी कोणी आलं की माझा मोठा भाऊ ‘जेवला का’ विचारायच्या आधी ‘सेव्ह केलं का’ विचारतो, असं आम्ही त्याला चिडवायचो. अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. बाभुळगावला एका जिनिंगमध्ये तो वजनकाट्यावर बसायचा. कापसाची गाडी काट्यावर चढायची, आकडा कॉम्प्युटरवर उमटायचा, आणि नेमकी तेव्हाच लाइन, म्हणजे वीज, जायची. अशा गेलेल्या आकड्यावरून एकदा दोघा गाडीवाल्यांनी एकमेकांची गचांडी धरली. तेव्हापासून दर ओळीनंतर सेव्ह करायचं, हे त्याच्या बोटांनाच लागलं होतं.

निवृत्त झाल्यावर त्यानं घरासाठी मोठा कॉम्प्युटर घेतला आणि मग त्याच्या उपदेशाला घर पुरेना. पेनड्राइव्ह उपटू नये, आधी मशीनला सांगावं. चुकून फाइल टाकून दिली तर रडत बसू नये, कचऱ्याचा डबा उचकून पाहावा. काम झालं की रीतसर बंद करावं आणि मग भिंतीवरचं बटनही बंद करावं. महत्त्वाची वस्तू असेल तर एक प्रत घरात आणि एक घराबाहेर ठेवावी. मी यवतमाळला ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरच बडवतो, पण दादासमोर मी शेवटपर्यंत शिकाऊच राहिलो.

वहिनींना त्या मशीनचं काडीचं कौतुक नव्हतं. पण पुतणी नागपूरला नोकरीला लागली, आणि तिचं तोंड मोठ्या पडद्यावर दिसतं म्हटल्यावर त्या शिकायला तयार झाल्या. अडचण एकच होती. आमच्याकडे उन्हाळ्यात लोखंडी कूलरचा शॉक एकदाही न बसलेला माणूस सापडणं कठीण. वहिनींना एका वर्षी असा बसला, की हातातली पाण्याची बादली अंगणापर्यंत गेली. त्यानंतर लोखंडी डब्याला असलेल्या कुठल्याही बटनाला त्या हात लावत नसत. भिंतीवरचं प्लास्टिकचं बटन चालायचं, तेही हात पदराला पुसून. दादा आधी हसला. मग एके दिवशी म्हणाला, “तुले त्या डब्याले हात लावाच लागणार नाही. मी पायतो.” त्यानंतर वहिनींनी भिंतीवरचं बटन दाबलं की कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हायला लागला. ते कसं, हे त्यांनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

पडद्यावरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणून दादानं आपल्या आवाजात सगळे धडे रेकॉर्ड केले आणि पडद्यावर डाव्या हाताला एकाखाली एक लावून ठेवले. सगळ्यांत वरचा, सुरू झाल्यावर काय करायचं. त्याखाली फोटो कसे पाहायचे, मग पोरीला कसं लावायचं. सगळ्यांत खालचा, बंद करायचं कसं. मी ते ऐकून पोट धरून हसलो होतो. माउस हलक्या हातानं धर, म्हशीची धार नाही काढाची. टकटक कर, शेजारणीचं दार वाजवते तशी. मध्ये मध्ये तो थांबायचा, वहिनींना तेवढं करता यावं म्हणून, आणि त्या थांबण्यात घरातला पंखा, कुकरची शिट्टी, रस्त्यावरून जाणारा ऑटो असं सगळं ऐकू यायचं. शेवटच्या धड्यात मात्र त्याची गफलत झाली होती. ‘आता दाब’ असं तो म्हणतो, वहिनी दाबतात, मशीन बंद होतं आणि त्याचा आवाजही तिथंच तुटतो. मशीन बंद झाल्यावर पुढचं ऐकणार कोण, असं मी विचारलं, तर तो ओशाळला आणि नंतर दुरुस्त करू म्हणाला. ते राहूनच गेलं.

गेल्या वर्षी कापूस वेचणीला आला असताना तो गेला. सकाळी कॉम्प्युटरसमोर बसला असता छातीत कळ आली, उचलून यवतमाळला नेलं, आणि संध्याकाळी अँब्युलन्समधून परत आणलं. घरात जिथं त्याला ठेवलं होतं, तिथं रिवाजाप्रमाणे दिवा लावला, जमिनीवर पीठ पसरलं आणि वर टोपलं झाकलं. गेलेला माणूस जाता जाता त्या पिठावर पाऊल ठेवून जातो, असं आमच्याकडे मानतात. कधी पाखराचं दिसतं, कधी लेकराचं. दुसऱ्या दिवशी टोपलं उचललं, बायका वाकल्या. पीठ जसं पसरलं होतं तसंच होतं. घरातली एक म्हातारी म्हणाली की चांगलं झालं, कशात जीव अडकला नाही, सुटला. वहिनींना ते चांगलं वाटलं नाही. “येवढीशी खूणबी नाही ठेवली,” असं त्या म्हणाल्या, आणि ते आमच्यापैकी कोणालाच उद्देशून नव्हतं.

त्याच दुपारी लाइन गेली. तासाभरानं आली तेव्हा आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसलो होतो. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिथून ‘पीक’ असा बारीक आवाज आला आणि मग पंख्याची घरघर सुरू झाली. मी दाराच्या जवळ होतो म्हणून मी उठलो. खोलीत कोणी नव्हतं. खुर्ची त्या सकाळी जशी मागं सरकली होती तशीच होती, आणि पडद्यावर पुतणीचा लहानपणीचा फोटो उजळला होता. यंत्रात भूत नसतं हे मला ऑफिसात कोणी विचारलं असतं तर मी हसून सांगितलं असतं. तिथं मात्र मला पाऊल पुढं टाकता येईना. मागं वळलो तर वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले.

पुढं महिने गेले. मी फोन केला की इकडचं तिकडचं झाल्यावर वहिनी आवाज बारीक करून सांगायच्या, आज दोनदा येऊन गेले. आमच्याकडे लाइन किती वेळा जाते हे मी काय सांगू? ती येईल तेव्हा घरात कोणी असायला हवं, म्हणून त्या नागपूरला लेकीकडे जाईनात, लग्नाकार्याला जाईनात. मशीन लागलं की हातातलं टाकून त्या तिथं बसायच्या. खंडेनवमीला करतात तशी डब्याला हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल, शेजारी उदबत्ती. मग वरून एकेक धडा लावायचा. तो सांगेल तसं करायचं. सगळ्यांत खालचा तेवढा त्या लावत नसत. पुन्हा लाइन जाईपर्यंत मशीन तसंच चालू राहायचं.

होळीच्या आसपास त्यांचा फोन आला. “भाऊजी, त्यायचा आवाज अडकून राह्यला.” मी दुसऱ्या दिवशी एसटीनं गेलो. त्यांनी दुसरा धडा लावला. दादा म्हणाला, “आता माउस... माउ... मा... मा...” आणि ते ‘मा’ थांबेना. बुडत्या माणसानं हाक मारावी तसं ते ऐकू येत होतं. वहिनींनी कानावर हात ठेवले. डब्यातून टक, टक असा आवाज येत होता. तो आवाज मला ऑफिसातला माहीत आहे. हार्ड डिस्क जायला लागली की असा येतो, आणि ती गेली की आतलं सगळं जातं.

मी स्वतःला समजावलं की प्रत आहे. तेराव्याला पुतणीनं सगळे धडे पेनड्राइव्हवर नेले होते. तिला फोन लावला, उघडून पाहा म्हटलं. उघडत नव्हता, एकही. फाइल सापडत नाही, एवढंच पडद्यावर येत होतं. पडद्यावर दिसणारी ती चित्रं फक्त वाट दाखवणारी होती, खऱ्या फाइली आत दुसरीकडे होत्या. तिनं घराची पाटी काढून नेली होती आणि घर इथंच राहिलं होतं. शिकलीसवरलेली पोरगी, पण बापाच्या मरणाच्या दिवसांत तिनं तरी किती पाहावं? ती फोनवर रडायला लागली. म्हणजे दादाचा आवाज या जगात एकाच जागी होता, आणि ती जागा टकटक करत होती.

मी भिंतीवरचं बटन बंद केलं आणि डबा उघडला. आत जे दिसलं ते मी अजून विसरलो नाही. पंख्याच्या पात्यांवर उदबत्तीची राख थरानं बसली होती. तळाला कुंकू सांडलं होतं, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या तारांत अडकल्या होत्या. दर खेपेला वहिनी त्याच्यासाठी उदबत्ती लावत होत्या आणि मशीन ती आत ओढून घेत गुदमरत होतं. मला रागही आला आणि भडभडूनही आलं. त्या मागं उभ्या राहून पाहत होत्या. “माह्यामुळंच का जी?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, धूळ आहे, सगळ्यांच्याच मशीनमध्ये असते. मग रंगाचा कोरडा ब्रश घेऊन सगळं झाडलं.

धडे उतरवायला बसलो. एकेक फाइल मुंगीच्या पावलानं येत होती. अर्ध्यावर लाइन गेली. आम्ही दोघं काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो. लाइन आली, मशीन आपोआप उठलं, या वेळी आधीपेक्षा जास्त टकटक करत. अजून अशा थोड्या खेपा आणि हे कायमचं बसणार, हे मला दिसत होतं. सगळ्यांत खालचा धडा सर्वांत शेवटी आला, दोनदा अडकून. सगळे धडे मी पेनड्राइव्हवर घेतले, आपल्या फोनवर घेतले, आणि फोनवरून पुतणीला पाठवले. तिनं उघडून पाहिले आणि चालतात म्हणाली, तेव्हा कुठं माझा घाम वाळला.

त्यानंतर मशीन पुन्हा सुरू करताना मी आतली सेटिंग पाहिली. वीज आली की स्वतःहून सुरू व्हायचं, असं तिथं कोणीतरी मुद्दाम ठरवून ठेवलं होतं. कोणी, ते उघड होतं. वहिनींना डब्याला हात लावायला लागू नये म्हणून त्यानं हे करून ठेवलं होतं. वीज भिंतीवरच्या बटनानं तुटली की सबस्टेशनातून, हे मशीनला कळत नाही. तो जिवंत असताना काम झाल्यावर भिंतीवरचं बटन बंद व्हायचं, म्हणून कधी असं घडलं नाही. त्या सकाळी त्याला उचलून नेलं आणि ते बटन चालूच राहिलं.

हे वहिनींना सांगावं की नाही, याचा मी बराच वेळ विचार केला. सांगितलं तर तो दुसऱ्यांदा जाणार. नाही सांगितलं तर हे मशीन मरेल आणि त्या रिकाम्या डब्यासमोर वाट पाहत बसतील. शेवटी सांगितलं, जसं आहे तसं. त्या ऐकत होत्या आणि भिंतीवरच्या बटनाकडे पाहत होत्या.

“म्हंजे हे त्यायनंच करून ठेवलं व्हतं?”

“हो.”

“मंग मी काय चुकीचं समजली, भाऊजी?”

त्यांनी पदरानं पडदा पुसला. “लय चकरा झाल्या त्यायच्या,” त्या म्हणाल्या. “आता बसू द्या. तो खालचा लावा.”

मशीनवर लावला तर ते बंद होताच आवाज तुटेल, म्हणून मी तो फोनवर लावला आणि फोन टेबलावर ठेवला. वहिनी खुर्चीवर बसल्या, माउसवर हात ठेवला. दादा बोलायला लागला. खाली डाव्या कोपऱ्यात जाय. तिथं दाब. आता त्या बंद कराच्या चित्रावर ये. थांब, घाई नोको करू. पहिले पाय, काही उघडं तं नाही राह्यलं? वहिनींनी खरंच पाहिलं. त्याच्या थांबण्यात कुकरची शिट्टी झाली, त्या वर्षीची. मग तो म्हणाला, आता दाब.

त्यांनी दाबलं. पडदा काळा झाला, पंख्याची घरघर उतरत गेली आणि थांबली. फोन चालूच होता. यापुढचं त्या घरात कधी कोणी ऐकलं नव्हतं.

“काळं झालं तं भेऊ नोको,” दादा म्हणाला. “तसंच होते ते. आता भिंतीवरचं बटन बंद कर, अन् चा मांड. मी आलोच.”

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रेकॉर्डिंग बंद करायचं तो विसरला होता. त्याच्या चपलांचा आवाज फरशीवरून निघाला, एक पाय जरा ओढत, तो चालायचा तसाच. वहिनींची नजर जमिनीवर होती आणि त्या आवाजाबरोबर ती सरकत होती, टेबलापासून दारापर्यंत, दारातून बाहेर, जिथं पीठ पसरलं होतं त्या फरशीवरून, स्वयंपाकघराकडे. तिथं पावलं थांबली.

वहिनी उठल्या. हात पदराला पुसला आणि भिंतीवरचं बटन बंद केलं. मग त्याच वाटेनं चहा मांडायला गेल्या.